दाढी ठेवता? मग आफ्टरशेव्ह गळा बघून निवडा

तुमची अडचण थोडक्यात अशी: दाढी पूर्ण ठेवली आहे, गालांचा वरचा भाग आणि गळा तेवढा वस्तऱ्याने साफ करता, त्यावर आफ्टरशेव्ह लावलं की गळा झोंबतो. शिवाय दाढीत खाज सुटते आणि पांढरे कण पडतात. मग दाढीवाल्याने आफ्टरशेव्ह लावावं का, आणि कुठलं?

लावावं, पण दाढीला नव्हे. वस्तरा केसांबरोबर कातडीचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थरही थोडाफार खरवडतो. ओलावा धरून ठेवायचं काम त्याच थराचं असतं. आफ्टरशेव्ह हवं ते त्या उघड्या पडलेल्या जागेसाठी. दाढीखालच्या कातडीला वस्तरा लागलेलाच नसतो. तिथे अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह चोळलं, तर असलेलं नैसर्गिक तेलही निघून जातं. लांब केसांच्या टोकांपर्यंत ते तेल एरवीही नीट पोचत नाही, म्हणून दाढी आधीच कोरडी असते.

निवड करताना गळाच समोर ठेवा. तिथे केस एका दिशेने वाढत नाहीत, कातडी सैल असते आणि दाढीची खालची रेघ सरळ यावी म्हणून आपण त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा वस्तरा फिरवतो. जे गळ्याला सोसतं ते गालाला सोसतंच.

झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा समज आता सोडून द्यायला हवा. कातडीतले उष्णता ओळखणारे संवेदक साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे चेतवले जातात. अल्कोहोलमुळे ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते, म्हणून आपल्याच अंगाची ऊब भाजल्यासारखी वाटते. मेन्थॉलचंही तसंच. ते थंडी ओळखणारे संवेदक चेतवतं, त्यामुळे गार वाटतं, पण तेवढ्याने कातडीचा दाह कमी झाला असं होत नाही. सोललेल्या गळ्याला मेन्थॉलचा त्रासच होण्याची शक्यता जास्त.

बाटलीवरची जाहिरात वाचू नका, मागची घटकांची यादी वाचा. जे जास्त ते आधी, असा तिचा क्रम असतो. पहिल्या दोन-तीन नावांत ‘अल्कोहोल डिनॅट’ (म्हणजे तेच झोंबणारं अल्कोहोल) दिसलं, तर ती बाटली तुमच्या गळ्यासाठी नाही. ‘सेटिल अल्कोहोल’ किंवा ‘सेटेअरिल अल्कोहोल’ दिसलं तर मात्र घाबरू नका. नाव सारखं असलं तरी हे मेणासारखे, कातडी मऊ ठेवणारे घटक आहेत. ग्लिसरीन, पॅन्थेनॉल, अ‍ॅलँटॉइन असे ओलावा धरणारे, कातडी शांत करणारे घटक असतील तर उत्तम. विच हेझल नावाच्या झुडपाच्या अर्कात बरेचदा अल्कोहोल मिसळलेलं असतं, तेवढं पाहून घ्या. वस्तरा लागून रक्त आलं तर तुरटी चांगली, पण तिने कातडी ओढल्यासारखी होते, म्हणून नंतर धुवून टाका.

दाढीवाल्यांना दाट बाम मी सुचवत नाही. तो रेघेजवळच्या केसांत अडकतो आणि वाळला की पांढरट दिसतो. पातळ लोशन किंवा जेल घ्या. बोटाच्या पेरावर मावेल एवढं पुरतं. चेहरा कोमट पाण्याने धुऊन, टिपून, कातडी किंचित ओली असतानाच बोटांनी लावा आणि रेघेपाशी थांबा. दाढीसाठी जोजोबासारखं हलकं तेल वेगळं ठेवा.

सुगंधाचा विचार दाढीवाल्याने जास्त करायला हवा, कारण दाढीत वास रेंगाळतो आणि तोही थेट नाकाखाली. तेल सुगंधी असेल तर आफ्टरशेव्ह बिनवासाचं घ्या. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकणारं सुगंधी द्रव्य असू शकतं, म्हणून ‘फ्रेग्रन्स फ्री’ शोधा. लिनालूल, लिमोनीन यांसारख्या द्रव्यांची काहींना अ‍ॅलर्जी असते. युरोपीय संघाने २००५ पासून अशा २६ द्रव्यांची नावं, ठरावीक प्रमाणापुढे, वेष्टनावर वेगळी छापणं सक्तीचं केलं, ते याच कारणाने.

गळ्यावर सारखे केसतोड किंवा आत वळलेले केस होत असतील, तर नवी बाटली शोधण्याआधी उलट्या दिशेने वस्तरा फिरवणं बंद करा. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास फार होतो. त्यांना माझा आग्रह असतो, की गळ्यावरून वस्तरा काढूनच टाका. ट्रिमरने अगदी बारीक ठेवलेले केस रेघेखाली वाईट दिसत नाहीत, आणि मग साधं मॉइश्चरायझर पुरतं.

आता तुमच्या पांढऱ्या कणांबद्दल. आफ्टरशेव्ह दाढीपासून दूर ठेवल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते कमी झाले, तर कारण कोरडेपणा होता. कण तेलकट, पिवळसर असतील, खाली लाली असेल, भुवया आणि नाकाच्या कडांनाही तेच दिसत असेल, तर तो कोंड्याचाच प्रकार असण्याची शक्यता मोठी आहे. कातडीच्या तेलावर वाढणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्यात सामील असते, त्यामुळे वरून तेल ओतून तो बिघडू शकतो. अशा वेळी तेल थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते बहुधा केटोकोनॅझोलसारखं बुरशीनाशक देतील.

नवीन आफ्टरशेव्ह आणलंत की लगेच गळ्यावर लावू नका. आठवडाभर दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. लाली किंवा खाज आली नाही, तर मग गळ्यावर.