काळ्या मातीचा अनुभव कॅनडात कसा उपयोगी पडतो

आपण दारव्हा तालुक्यात तीन वर्षे विजेच्या पारेषण वाहिनीच्या टॉवरांच्या पायाचे काम केले असून, कॅनडाला येण्यापूर्वी एम.टेक. करावे का, असे विचारले आहे. मी मूळचा आर्णीकडचा आणि कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात हेच काम करतो. माझ्या मते, एम.टेक.पेक्षा काळ्या मातीचा अनुभव नीट लिहून ठेवणे अधिक मोलाचे आहे.

मॅनिटोबाची राजधानी विनिपेगखालची चिकणमाती अ‍ॅगासिझ या प्राचीन हिमसरोवरात साचलेली असून, आपल्या वावरातल्या मातीप्रमाणेच ओलाव्याने फुगते आणि सुकल्यावर आकसते. 1913 साली विनिपेगजवळच्या ट्रान्सकोना येथील धान्याचे प्रचंड कोठार भरत असताना याच मातीची धारणक्षमता अपुरी पडली आणि ते सुमारे 27 अंशांनी कलले. टॉवरच्या पायाचा प्रश्न मात्र बहुधा उचलीचा, म्हणजे वाऱ्याच्या जोराने पाया वर उपटला जाण्याचा असतो. ती आपण पायाच्या व त्यावरच्या मातीच्या वजनाने तोलतो. येथे तिच्यात थंडीची भर पडते. हिवाळ्यात जमीन दोन मीटरच्या आसपास गोठते, खालचे पाणी वर ओढले जाऊन बर्फाचे थर वाढतात आणि गोठलेली माती पाइलला, म्हणजे पायासाठी खोल उतरवलेल्या खांबाला, चिकटून त्याला वर उपसते. म्हणून गोठणाऱ्या थराच्या बऱ्याच खाली पाइल न्यावी लागते. आपण खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड (तळाशी फुगीर केलेली) पाइल किमान 3.5 मीटर नेतो, त्यामागचा विचारही असाच आहे.

उत्तरेकडच्या दलदलीत जमीन गोठल्यावरच ड्रिलिंगची अवजड यंत्रे नेता येतात. 2018 मध्ये कार्यान्वित झालेली मॅनिटोबातली बायपोल-3 ही वीजवाहिनी सुमारे 1,384 किलोमीटरची आहे. एवढ्या अंतरावर भूरूपांवरून माती ओळखण्याची नजर फार उपयोगी पडते. यवतमाळकडे असताना मी एका टॉवरच्या जागेची माती मे महिन्यात, भेगाळलेली आणि कोरडी असताना पाहून तिचा वर्ग ठरवला होता. जुलैत खड्डा पाण्याने भरला आणि पायाचा आराखडा बदलावा लागला. तेव्हापासून नोंदीत ऋतू लिहिल्याशिवाय मी मातीचे वर्णन पूर्ण मानत नाही, आणि आपणही मानू नये.

इंजिनिअर ही उपाधी येथे परवान्याशिवाय लावता येत नाही. परवाना प्रांतनिहाय मिळतो. त्यासाठी पदवीची तपासणी, व्यावसायिक आचाराची परीक्षा आणि साधारणपणे चार वर्षांचा अनुभव लागतो. बोअर लॉग (खोदताना लागलेल्या मातीच्या थरांच्या नोंदी) मालकाचे असतात, त्यांच्या प्रती आणू नयेत. पण कोणत्या मातीत कोणता पाया सुचवला आणि का, हे स्वतःच्या शब्दांत लिहून त्यावर वरिष्ठांची सही नोकरी सोडण्यापूर्वीच घ्यावी, कारण नोकरी सोडल्यावर ती मिळवताना माझे आठ महिने गेले.