खानापूरच्या भावाला, निपाणीच्या ताईकडून

तू विचारलंस : खानापूरला कॉलेजात कॉमर्स शिकवतो, क्वालालंपूरला इस्लामी वित्तव्यवस्थेवर पीएच.डी.साठी प्रवेश मिळतोय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी आहे, मी मुसलमान नाही, जाऊ का ताई? आणि परत आलो तर या विषयाचं आपल्याकडं काय होणार?

चार ओळींत उत्तर लिहायला बसले होते, त्यात तीन रात्री गेल्या. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

फी किती, व्हिसा कसा, विमा कुठला, हे सगळं विद्यापीठ तुला कळवेलच. त्यात मी वेळ घालवत नाही. मुसलमान नसल्याची काळजी मात्र आधी सोडून दे. मलेशियात इस्लामी बँकेत खातं असलेले चिनी दुकानदार ढिगानं आहेत. ज्याला जिथं हप्ता परवडतो तिथं तो जातो. माझ्या वर्गात बौद्ध मुली होत्या, एक ख्रिश्चन मुलगा होता. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, व्याज घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही. अरबी शब्द पहिल्या सहा महिन्यांत अंगवळणी पडतात. मुराबहा म्हणजे माल स्वतः विकत घेऊन नफा सांगून पुढं विकणं, इजारा म्हणजे भाडं, मुशारका म्हणजे भागी, कर्ज-ए-हसना म्हणजे आपलं हातउसनं. कॉमर्स शिकवणाऱ्याला यात जड काही नाही.

जड आहेत ते कागद. मी २०११ ला याच विषयाच्या पीएच.डी.साठी मलेशियाला एकटी गेले. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला निपाणीला अम्मीकडं ठेवला. दोन वर्षांनी त्याला न्यायची वेळ आली तेव्हा त्याची तिसरी झाली होती, मराठी माध्यमात. त्याचं प्रगतिपुस्तक मराठीत आणि त्यावरचा गोल शिक्का कानडीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून हवं होतं. बेंगळुरूच्या भाषांतरकारानं शिक्का वाचला आणि मजकुराला हात लावला नाही. कोल्हापूरच्यानं मजकूर केला, पण शिक्क्यापाशी थांबला. मग दोघांची दोन भाषांतरं एकाला एक जोडून दिली, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, एका कागदाला दोन भाषांतरकार कसे, आणि कर्नाटकच्या कागदावर महाराष्ट्रातल्या नोटरीची सही कशी? मी त्याला सीमाभाग समजावून सांगायला लागले. १९५६ पासून सुरुवात केली. मागची रांग ओरडायला लागली.

नंतर गावाच्या नावाचा घोळ झाला. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं. माझ्या पहिल्या पासपोर्टवर जिल्हा 'बेलगाम', नूतनीकरणानंतर 'बेळगावी'. परदेशातल्या एका कार्यालयानं ही दोन वेगळी गावं आहेत असं धरून माझा अर्ज परत पाठवला. दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. मी ते केलं, सही केली, आणि घरी येऊन रडले. आपण घरात म्हणतो ते नाव, बेळगाव, त्या कागदावर कुठंच नव्हतं. ज्या नावासाठी आपल्याकडं माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते नाव वगळून मी माझ्या हातानं शपथ घेतली होती. तुझ्या, वहिनींच्या आणि मुलीच्या सगळ्या दाखल्यांवर कुठलं नाव आहे ते आजच एका जागी मांडून बघ. जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते इथंच करून घे, तिथून होत नाही.

मुलीच्या शाळेबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. मी जास्त लिहिणार आहे. तिथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलाला घ्यायला परवानगी लागते. आमची परवानगी येईपर्यंत पाच महिने माझं पोर खोलीत बसून होतं. खाजगी शाळेची फी माझ्या विद्यावेतनातून भागणारी नव्हती. शेवटी एका छोट्या शाळेनं घेतलं, पण इंग्रजी येत नाही म्हणून पहिलीत बसवलं. तिसरीत गुणाकार-भागाकार करणारा, पाढे तोंडपाठ असलेला मुलगा सहा वर्षांच्या मुलांत. बाईंनी मला बोलावून सांगितलं की याचं आधीचं शिक्षण झालेलंच नाही असं धरून चालू. मी मान हलवली. मला त्या बाईंना सांगायचं होतं की हा मराठी वाचतो, कानडी वाचतो, घरी दखनी बोलतो, तुमच्या वर्गात असं किती मुलांना येतं? पण परवानगी त्यांच्या हातात होती, आणि मी गप्प बसले. आज तो वीस वर्षांचा आहे, हुशार आहे, पण नानीला पत्र लिहायचं तर देवनागरी एकेक अक्षर जुळवत बसतो. ते झालेलंच नाही असं धरलं गेलं तेव्हा मी तिथंच उभी होते, हे मला अजून झोपू देत नाही. शक्य असेल तर मुलीला वर्षभर आधीपासून इंग्रजी बोलायला लाव आणि मराठी वाचन रोज अर्धा तास चालू ठेव. दोन्ही तुलाच करावं लागेल, शाळा करणार नाही.

एकटेपणाचं विचारलंस. येतो आणि जातो. मसाल्याचं डबडं सोबत ने.

आता विषयाचं. मी जाताना एक प्रश्न घेऊन गेले होते. माझी अम्मी विड्या वळायची. तिच्या गल्लीत वीस बायकांची भिशी होती, हिंदू-मुसलमान दोन्ही. आपल्याकडं भिशी दोन तऱ्हेची, तुला ठाऊक आहे : चिठ्ठीची आणि बोलीची. बोलीत ज्याला गरज जास्त तो कमी रक्कम घेऊन उचलतो आणि उरलेलं बाकीचे वाटून घेतात, म्हणजे नाव नसलं तरी ते व्याजच. अम्मीच्या भिशीत बोली कधी लागली नाही. चिठ्ठी निघायची, आणि कुणाच्या घरी लग्न किंवा दवाखाना असला की जिची चिठ्ठी निघाली ती आपला नंबर सोडायची. मुसलमान बायकांना व्याज नको होतं हे समजतं. हिंदू बायकांनी ते का मान्य केलं, पुढं मागं झालेले नंबर कोण लक्षात ठेवायचं, बुडवलं तर काय करायच्या, हे मला शोधायचं होतं.

मार्गदर्शकांनी शांतपणे विचारलं, आकडे कुठं आहेत? आकडे अम्मीच्या डोक्यात होते. सुकूकचे आकडे मात्र तयार होते. सुकूक म्हणजे मालमत्तेतल्या हिश्शाचे रोखे, व्याजाऐवजी भाडं किंवा नफा मिळणारे. मलेशिया सरकारनं २००२ मध्ये ६० कोटी डॉलरचा जागतिक सुकूक काढला, तेव्हापासूनचा सगळा हिशेब संगणकावर. मी सुकूकवर प्रबंध लिहिला. मार्गदर्शकांची चूक नव्हती. विद्यावेतनाची मुदत होती, मुलगा निपाणीला होता, मला लवकर संपवायचं होतं.

आणि गंमत बघ, ज्या देशात जाऊन मी हे केलं, तिथं या सगळ्याची सुरुवात गावच्या माणसांच्या पैशाकडं बघूनच झाली होती. १९५९ मध्ये उंगकू अझीझ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं लिहिलं की मलय खेडूत हजला जायचं म्हणून आयुष्यभर पैसा साठवतात, पण व्याज नको म्हणून बँकेत ठेवत नाहीत. घरात लपवतात, जमीन-जनावरं विकतात, आणि परत आल्यावर कंगाल होतात. त्यातून १९६३ मध्ये हज बचतीची संस्था उभी राहिली, तीच आजची ताबुंग हाजी. देशातली पहिली इस्लामी बँक त्यानंतर वीस वर्षांनी, १९८३ मध्ये आली. त्याच १९६३ मध्ये इजिप्तच्या मित घम्रला अहमद अल-नज्जारनं जर्मनीतल्या बचत बँका बघून शेतकऱ्यांसाठी बिनव्याजी बचत बँक काढली. ती फार वर्षं टिकली नाही, पण पुस्तकं तिथूनच सुरू होतात. दोघांनीही आधी आपल्या माणसांचा पैसा कुठं लपलाय ते पाहिलं होतं.

जावा बेटावर एकदा गेले होते, तिथल्या छोट्या पतसंस्था बघायला, बैतुल माल वत्तमवील म्हणतात त्यांना. सकाळी बाजारात एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि भाजीवाल्या बायकांकडून रोजचे पैसे घेऊन वहीत नोंद करायला लागला. मी तिथंच उभी राहिले. हा तर आपला पिग्मीवाला. १९२८ मध्ये उडुपीच्या बँकेनं सुरू केलेली पिग्मी, जी निपाणीत अब्बांच्या दुकानी रोज संध्याकाळी यायची. सोबतचे अभ्यासक त्याला नवीन कल्पना म्हणून टिपून घेत होते.

अब्बांचं आता सांगते. हे मी कुणाला लिहिलेलं नाही. अब्बांचं किराणा दुकान. पासबुकात व्याज जमा झालं की ते तेवढी रक्कम काढून वेगळ्या पाकिटात ठेवायचे आणि कुणाच्या औषधपाण्याला देऊन टाकायचे, त्याचं सवाब, म्हणजे पुण्यही मागायचे नाहीत, कारण तो पैसा आपला नव्हेच म्हणायचे. २०१८ मध्ये त्यांचा फोन आला. कर्नाटकातली एक कंपनी आहे, मुदारबाचा, म्हणजे नफ्यातल्या वाटणीचा, करार देते, लाखाला महिन्याला अडीच हजार, मौलवींनी चांगलं म्हटलंय. बेटी, तू यातली डॉक्टर आहेस. हलाल आहे का?

मी वर्गातून बाहेर पडत होते. म्हटलं, मुदारबा हलालच आहे अब्बा.

त्यांनी चार लाख भरले. वर्षाच्या आत कंपनीचं शटर पडलं. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या राज्यात अशा एकाहून जास्त कंपन्या बुडाल्या, हजारो घरांचे पैसे गेले.

मुदारबात एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा होईल त्याची वाटणी आधी ठरते, निम्मं-निम्मं, साठ-चाळीस, काहीही. तोटा झाला तर पैसेवाल्याचा, आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. पण मुद्दलावर महिन्याला ठरावीक टक्का कबूल केला की तो करारच मोडतो. हे मी त्या फोनच्या पंधरा दिवस आधी फळ्यावर लिहून शिकवलं होतं. म्हणजे हलाल का, या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मी चुकीचं दिलं. आणि ताळेबंद कुठंय, लेखापरीक्षण कुणी केलं, धंदा कशाचा करतात, हे तर मी विचारलंच नाही. कोल्हापूरच्या बाजारात कुणाला दहा हजार उसने देताना अब्बा स्वतः यापेक्षा जास्त चौकशी करतात. ते माझ्यावर विसंबले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, तुझ्या पुस्तकात हे कुठं लिहिलंय ते मला दाखव. मी दाखवलं. त्यांनी मराठीत लिहून घेतलं : 'वाटणी ठरते, नफा ठरत नाही.' कागद दुकानात गल्ल्याच्या मागं चिकटवलाय. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. भारतात इस्लामी बँक नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीनं बिनव्याजी बँकसेवेची शिफारस केली होती, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विचार सोडून दिला. त्यामुळं या पदवीवर इथल्या बँकेत नोकरी मिळेल ही आशा धरू नकोस. आखातात, मलेशियात मिळते. पण बँक नाही म्हणून प्रश्न संपलेला नाही. ज्याला व्याज नको त्याचा पैसा एकतर पाकिटात पडून राहतो नाहीतर अशा कंपन्यांकडं जातो. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, कर्नाटकाच्या १९९७ च्या कायद्याखालच्या सौहार्द सहकारी सोसायट्या आहेत. त्यातली एखादी बिनव्याजी, भागीवर, देखरेखीखाली चालेल का, कुठं अडेल, सभासद ऐकतील का, हे शोधायला मराठी आणि कानडी दोन्ही येणारा, सहकार कळणारा माणूस हवा. तू मुसलमान नाहीस हे इथं कामाचंच आहे. माझ्या अब्बांना कोण काय विकतंय ते तू बाहेरून बघशील, भीड न धरता विचारशील.

जा. पण विमानात बसण्याआधी सहा महिने खानापूर, निपाणी, जमलं तर चिकोडीत हिंड. पाच भिश्यांचे हिशेब लिहून घे, बायकांच्या तोंडून, तारखांसकट. दोन सोसायट्यांचे अहवाल जमव. तिथं तुला आकडे कुठं आहेत म्हणून विचारतील तेव्हा टेबलावर ठेवायला तुझ्याकडं काहीतरी असू दे. अम्मीची भिशी मी लिहून घेतली नाही. आता ती बायकांची नावं विसरायला लागलीय. मागच्या रमजानमध्ये मी वही घेऊन बसले तेव्हा वीसपैकी अकराच आठवली.

प्रस्तावाचा कच्चा मसुदा पाठव, मी वाचेन. आणि एक राहिलं. तुझ्या एवढ्या लांब प्रश्नात वहिनींना काय वाटतं ते कुठंच नाही. माझ्या नवऱ्यानं नोकरी सोडून यावं का, हे आमच्या घरीही शेवटपर्यंत कुणी नीट विचारलं नव्हतं. वहिनींना सांग, त्यांनी मला स्वतः फोन करावा. मी मलेशियातच असते, इथलं घड्याळ तुमच्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. रविवारी तुमच्या दुपारी मी घरीच असते.