सी ड्राइव्ह भरला, डी रिकामा. पण ड्राइव्ह वाढवायचा विंडोजमधला 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकट दिसतो. सी सुरक्षितपणे कसा वाढवू?

डी श्रिंक (लहान) करून पाहिलंत ना? मोकळी जागा डीच्या शेवटी तयार झाली असणार. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला (ड्राइव्ह लहान-मोठे करायची सोय) ती सीच्या लगेच उजवीकडे, खेटून लागते. मध्ये डी किंवा छोटं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) आलं की पर्याय फिकटच राहतो.

डीमध्ये फारसं काही नसेल तर मी सरळ हा मार्ग घेईन: डीतला सगळा डेटा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा, दोन-चार फाइल उघडून तपासा, मग डी डिलीट करा आणि सी वाढवा. उरलेल्या जागेत नवा डी. मात्र डीवर प्रोग्राम इन्स्टॉल केलेले असतील तर ते परत टाकावे लागतील. मध्ये रिकव्हरी पार्टिशन दिसलं तर घाईने उडवू नका, बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायची सोय तिथेच असते.

डी ठेवायचाच असेल तर जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या प्रोग्रामच्या पेनड्राइव्हवरून बूट करून तो उजवीकडे सरकवता येतो, म्हणजे मोकळी जागा सीला खेटून येते. त्याआधी डेटा कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर पूर्ण बंद करा (ते उघडायची रिकव्हरी की तरीही लिहून ठेवा) आणि विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही काढा, नाहीतर जीपार्टेड त्या पार्टिशनला हात लावत नाही. सरकवणं म्हणजे अख्खा डेटा उचलून दुसरीकडे लिहिणं, त्यात तासन्‌तास जातात. मध्येच वीज गेली तर डी गेलाच समजा. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

बॅकअप दोन्ही मार्गांत आधी.