सगळे नावं ठेवतात तो गेम मला आवडतो, काय करू?

"ताई, वय २८, पुण्यात आयटीत आहे. मला 'मास इफेक्ट अँड्रोमेडा' हा गेम मनापासून आवडतो, तीनदा पूर्ण खेळून झालाय, आणि ज्याला सांगावं तो हसतो. आमच्या ग्रुपवर कुठलीही टुकार गोष्ट दिसली की तिला 'अँड्रोमेडा' म्हणतात आणि मला टॅग करतात. कॉलेजपासूनचा जवळचा मित्र, आता रूममेट आहे, तो परवा सगळ्यांसमोर म्हणाला की तुला टेस्टच नाही. हल्ली मी स्टीमवर, म्हणजे गेम्सच्या ॲपवर, मित्रांना दिसू नये म्हणून ऑफलाइन जाऊन खेळतो, आणि खेळताना सारख्या चुकाच दिसतात. माझ्यात काही गडबड आहे का? - एक पाथफाइंडर"

अरे पाथफाइंडर, आधी उत्तर देऊन टाकते. नाही, तुझ्यात काहीही गडबड नाहीये.

तुझं पत्र खूप मोठं होतं, इथे थोडक्यात टाकलंय, पण मी ते पूर्ण दोनदा वाचलं. त्यात बराचसा भाग तू नुसती गेमची वकिली केलीयेस, फायटिंग किती भारी आहे, जेटपॅकने उडी मारून हवेतच थांबून गोळ्या झाडता येतात, हे असं आहे ते तसं आहे, आणि ते वाचताना मला तू दिसलाच नाहीस. मग शेवटी शेवटी एक परिच्छेद आहे, लॉकडाऊनचा, २०२० चा पावसाळा, हिंजवडीचा पीजी, सगळी पोरं गावी गेलेली, मेस बंद, आणि तू रात्री दोन वाजता व्होल्ड नावाच्या त्या बर्फाच्या ग्रहावर एकटाच नोमॅड गाडी पळवतोयस. गाडीतून उतरलं की थंडीने लाइफ सपोर्टची पट्टी भराभर खाली येते आणि परत गाडीत बसलं की भरते, आणि तू लिहिलंयस, "गाडीचं दार लागलं की घरी आल्यासारखं वाटायचं". बाळा, हे एक वाक्य पुरेसं होतं. त्या दिवसांत तुला ज्याने सोबत दिली ते तुला आवडणारच, त्याला कोणाची परवानगी कशाला लागते?

आता जरा तुझ्या मित्राच्या बाजूने बघू, कारण तो मला वाईट मुलगा वाटत नाही. तू लिहितोस की त्याने मास इफेक्टचे आधीचे तिन्ही भाग खेळलेत, २००७, २०१० आणि २०१२ चे. म्हणजे तो त्या तिन्ही भागांच्या नायकाबरोबर, शेपर्डबरोबर वाढलाय रे. एका गेममध्ये घेतलेला निर्णय पुढच्या गेममध्ये भोवतो, माणसं वाचतात नाहीतर मरतात, असं सगळं जगून तो पाच वर्षं पुढच्याची वाट बघत बसला. आणि मार्च २०१७ मध्ये हातात काय आलं तर काचेच्या डोळ्यांची माणसं, ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, ज्याचे मीम्स अजून फिरतात. नंतर हेही बाहेर आलं की गेमचं काम पाच वर्षं चाललेलं पण आज दिसतो तो बराचसा गेम शेवटच्या दीडेक वर्षात उभा राहिला, आधी शेकडो ग्रह कॉम्प्युटरकडूनच बनवून घ्यायचा बेत होता तो सोडून द्यावा लागला, आणि इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो ते, मुळात गोळीबाराच्या गेम्ससाठी बनवलेलं, त्यात रोल प्लेइंगच्या साध्या साध्या सोयी टीमला स्वतः घालाव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तर जाहीरच झालं की कथेत आता पुढे काही येणार नाही, क्वेरियन नावाच्या परग्रहवासी लोकांच्या जहाजाचं काय झालं हा धागा गेममध्ये लोंबकळतच राहिला. त्याचा राग खोटा नाही, त्याचा अपेक्षाभंग झालाय.

पण तू? तू हा गेम २०२० ला सेलमध्ये घेतलास, आधीचा एकही भाग न खेळता. तुझ्या डोक्यात शेपर्ड नव्हताच. शिवाय डोळे आणि ओठ सुधारणारा मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, एप्रिल २०१७ मध्येच येऊन गेला होता, म्हणजे ज्या गेमला लोक हसले तो तू खेळलाच नाहीस. तुम्ही दोघं इतकी वर्षं एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय, आणि माझ्या मते दोघंही खरं बोलताय.

मला हे कळतं कारण माझंही असंच होतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा तो चायनाचा व्हिडिओ गेम होता, कॅसेटवर ९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत तेच तेच वीस-पंचवीस गेम. सगळ्यांना काँट्रा आणि मारिओ पाहिजे असायचा. मला अर्बन चॅम्पियन आवडायचा, रस्त्यावर दोन माणसं ठोसे मारत एकमेकांना मागे ढकलतात, बास, एवढाच तो गेम. निन्टेन्डोचा १९८४ चा, आजही वाईट गेम्सच्या याद्यांमध्ये त्याचं नाव हमखास असतं. पण त्यात वरच्या खिडकीतून कोणीतरी खाली कुंडी टाकायचं, आणि मधेच पोलिसांची गाडी यायची, ती आली की दोघं मारामारी सोडून आपापल्या जागी जाऊन साळसूदपणे उभे राहायचे, आणि गाडी गेली की परत सुरू. मी आणि माझा धाकटा भाऊ तसेच होतो, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की दोघं गप्प पुस्तक घेऊन बसलेले. म्हणून मला तो आवडायचा. चाळीतली मोठी मुलं आली की मी पटकन रिसेट दाबून काँट्रा लावायचे, आणि असं करून करून एक दिवस माझ्याच लक्षात आलं की मी एकटी असतानाही तो लावत नाहीये. त्याचं मला आजही वाईट वाटतं, खरंच.

तुझं ऑफलाइन जाणं मला म्हणून खुपलं. चुका दिसायला लागल्या म्हणतोस ना, त्या आधीपासून होत्याच की, फक्त आधी तू स्वतःच्या डोळ्यांनी खेळत होतास आणि आता ग्रुपमधले सातजण तुझ्या मागे उभे राहून स्क्रीन बघतायत असं तुला वाटतं. ते तीन तीन तासांचे या गेमची चिरफाड करणारे व्हिडिओ तू झोपायच्या आधी बघतोस असं लिहिलंयस, ते महिनाभर पूर्ण बंद कर. स्टीमवर ऑनलाइन राहून खेळ. आणि गेमचा विषय निघाला की "माहितीये बेकार आहे, पण..." ही सुरुवात तोंडातून काढून टाक. आवडतो म्हण आणि थांब. कोणी विचारलं का, तर व्होल्डचं सांग, फायटिंगचं नको सांगू. चेहरे वाईट आहेत असं कोणी म्हटलं तर हो म्हण, वाईट आहेतच, त्याने तुझं काय जातंय?

मित्राशी मात्र बोलायला पाहिजे, आणि ते ग्रुपवर नाही, घरी, चहा पिताना. गेमला त्याने काय वाटेल ते म्हणावं. पण "तुला टेस्टच नाही" हे गेमबद्दल नव्हतं, ते तुझ्याबद्दल होतं आणि चारचौघात होतं. त्याला सरळ सांग की गेमला शिव्या दे पण मला टॅग करू नकोस, मला लागतं. इतक्या वर्षांचा मित्र आहे, ऐकेल. नाही ऐकलं तर मला परत लिही, मग तो प्रश्न गेमचा नाहीच, वेगळा आहे आणि त्यावर आपण वेगळं बोलू.

आणि ऐकलं तर अजून एक कर. शनिवारी रात्री कंट्रोलर त्याच्या हातात दे. कथा नको, कटसीन नको, तुझं सेव्ह उघड आणि त्याला व्होल्डवर नोमॅडमध्ये बसव, तासभर फक्त गाडी चालवू दे, तू शेजारी गप्प बस. बाकी ठीक, पण तो पहिल्या बर्फाच्या चढावर घसरायला लागला की त्याने सहा चाकांचा मोड आपणहून शोधला का तुला सांगावा लागला, एवढं मला नक्की कळव.

तुझी,
ताई