पाहुणे आले की माझा चौदा वर्षांचा मुलगा खोलीबाहेर येत नाही, कुणाशी धड बोलत नाही. त्याला रीतभात कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की पाहुण्यांसमोरच त्याला 'बाहेर ये, पाया पड' म्हणून रागवावं लागतं. आधी ते बंद करा. का, ते आमच्या घरचं सांगते.

माझी मुलगी तेरा वर्षांची होती. कऱ्हाडजवळच्या गावी आमचे चुलत सासरे वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो. लेक तासभर शहाण्यासारखी बसली. निघताना चुलत सासूबाईंजवळ गेली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "येते हं आजी." खोलीत एकदम शांतता. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे नमस्कार करत नाहीत, निघताना 'येतो' म्हणत नाहीत. तिला ते ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी तिचा हात धरून ठेवला, त्यांना काहीच वाटलं नव्हतं. पण थोरल्या जाऊबाई वीस-पंचवीस माणसांत मोठ्यांदा म्हणाल्या, "आईनं काही शिकवलंच नाही वाटतं."

शिकवलं होतं की! 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, मोठं माणूस दिसलं की वाकावं, हे लहानपणापासून मीच तिच्या कानीकपाळी ओरडत आले होते. पोरीनं नेमकं तेच केलं. अपवाद सांगायचा राहिला तो माझ्याकडून. त्यानंतर वर्षभर ती कुणाकडे यायला तयार होईना. पाहुणे आले की दार लावून बसायची, तुमच्या मुलासारखीच. नातेवाईक म्हणायचे, घुमी झालीय. घुमी नव्हती, पुन्हा काही चुकेल म्हणून घाबरली होती.

तेव्हापासून कुठेही निघालो की मी वाटेतच सांगते: कोण भेटेल, ते आपले कोण लागतात, घरात काय चाललंय, कुठला विषय काढायचा नाही. 'त्या ताईचं ठरलेलं लग्न मोडलंय, विचारू नकोस,' एवढंच. आणि कारण सांगते. 'येतो' का म्हणत नाहीत? असल्या निमित्तानं त्या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. कारण कळल्यावर ती ते कधी विसरली नाही.

हाताला काम द्या. 'जरा बोल की सगळ्यांशी' म्हटल्यानं या वयाची पोरं आणखी आक्रसतात. घरच्या सत्यनारायणाला मी तिला पंगतीत वाढायला लावलं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. हातात आमटीचं भांडं असलं की "वाढू का काका?" म्हणावंच लागतं. एसटीत तिकिटंही तीच काढते. आजी पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून तिचा प्रवास मोफत, आम्हा दोघींना मार्च २०२३ पासून अर्धं. आजीचं आधार कार्ड दाखवून कंडक्टरशी काय बोलायचं ते तीच बोलते.

गेल्या वर्षी तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचे वडील गेले. ही एकटी गेली. बुडालेल्या आठवड्याचं सगळं वहीत उतरवून घेऊन गेली, शेजारी बसली आणि निघताना काही न बोलता उठली. घरी येऊन मला म्हणाली, "आई, मी तिला फक्त 'जेवलीस का' विचारलं. चालतं ना?" मी तिला जवळ घेतलं.

मोबाईलचं म्हणाल तर पाहुणे बसलेले असताना कुणाच्याच हातात नको, वडिलांच्याही.

मात्र मुलगा मित्रांशीही बोलेनासा झाला असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर हा रीतभातीचा प्रश्न नाही, समुपदेशकाकडे न्या. आणि काही मुलं मुळातच कमी बोलतात. ती नीट 'या, बसा' म्हणाली, पाणी आणून दिलं, तरी पुष्कळ झालं.

जाऊबाई आजही म्हणतात, चार लोकांत बोललं की मुलांच्या चांगलं लक्षात राहतं. राहतं, हे खरं आहे. त्या दिवशी त्या खोलीत कोण कोण कुठे बसलं होतं, हे माझी मुलगी अजून सांगते.