लॉन पिवळं पडलंय, युरिया टाकू का?

प्रश्न : घरासमोर सिलेक्शन वनचं लॉन आहे. दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं, आता पिवळट झालंय. रोज संध्याकाळी न चुकता पाणी देतो. युरिया टाकला तर सुधारेल का? (विश्रामबाग, सांगली)

युरिया राहू द्या, आधी संध्याकाळचा पाइप बंद करा. सिलेक्शन वन ही आपल्या हरळीचीच निवडलेली जात, म्हणजे उन्हात फोफावणारी. रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर आला की तिची वाढ मंदावते, १० च्या खाली जवळजवळ थांबते. वाढ नाही तर पाण्याची आणि खताची ओढही नाही. त्यात सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवणारी. रोज भिजवली की मुळांना हवा मिळत नाही आणि पात पिवळी पडते. ती पिवळी दिसली की आपण आणखी पाणी देतो, असं हे दुष्टचक्र आहे.

खुरप्याने चार बोटं खोल माती उकरून मुठीत दाबा. लाडू वळला तर पाणी नको, भुगा झाला तर द्या. काळ्या मातीत साधारण पाच-सहा दिवसांनी, मुरमाड जागेत तीन-चार दिवसांनी पुरतं. द्याल तेव्हा सकाळी द्या आणि भरपूर द्या. नुसता शिडकावा केला की मुळं वरच्या वर राहतात.

गवत कापायच्या मशीनची उंचीही वाढवा. पात दीड-दोन इंच राहू दे, आणि एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. थोडा पिवळेपणा तरीही राहील, तो चालवून घ्या. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की खताचं बघू.

प्रश्न : लॉनवर रुपयाएवढे वाळलेले ठिपके पडलेत. सकाळी त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसतं. (कराड)

आधी ते कोळ्याचंच जाळं नाही ना, हे बघा. थंडीत दव पडलं की गवतातली जाळी एकदम उठून दिसतात आणि लोक उगाच औषध फवारतात. ठिपक्याच्या कडेची एक पात तोडून उजेडात धरा. मधे गवती रंगाचा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रेघ असेल, तर ती बुरशी आहे. इंग्रजीत तिला डॉलर स्पॉट म्हणतात.

दव पातीवर जितका वेळ टिकतं, तितकी ही बुरशी पसरते. म्हणून सकाळी लांब खराट्याने किंवा लॉनवरून पाइप ओढून दव झाडून टाका. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. उपाशी गवतावर ही बुरशी जास्त येते, त्यामुळे वरच्या उत्तराला इथे अपवाद करतो : दुपारचं ऊन चांगलं असेल अशा आठवड्यात १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया कोरड्या पातीवर विस्कटून लगेच पाणी द्या. तरीही ठिपके वाढले तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा आणि मुलांना, कुत्र्याला त्या दिवशी लॉनवर सोडू नका.

प्रश्न : घराच्या उत्तरेकडचं लॉन दरवर्षी डिसेंबरात विरळ होतं, पावसाळ्यात पुन्हा भरतं. माती बदलू का? (सातारा)

माती बदलून उपयोग नाही, अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी मात्र तो दक्षिणेला कलून जेमतेम ५० अंशांवर येतो. २० फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा १७ फूट लांब पडते, सकाळ-संध्याकाळची तर विचारूच नका. एवढा पट्टा गवताला सोडून देणं बरं. तिथे फरशा टाका, नाहीतर सावलीत तगणारं मोंडो ग्रास लावा. लॉनच हवं असेल तर रुंद पातीचं कार्पेट ग्रास थोडी सावली सोसतं, पण दाट सावलीत तेही टिकत नाही.

प्रश्न : पहाटे लॉन पांढरं होतं आणि नंतर त्यावर पावलांच्या आकाराचे तपकिरी डाग दिसतात. हा कोणता रोग? (महाबळेश्वर)

रोग नाही, ती चालणाऱ्यांची पावलं आहेत. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं, हे तुम्ही बघताच. गोठलेली पात पायाखाली आली की तिच्या पेशी फुटतात. डाग दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. ऊन येऊन पांढरं विरघळेपर्यंत दोरी बांधून ठेवा. बंगल्यावर पाहुणे असतील तर फोटोसाठी त्यावर उभं राहू नका, हे आदल्या रात्रीच सांगा. माती कोरडी ठणठणीत ठेवू नका. ओलसर माती दिवसाची ऊब जास्त धरते. डाग पडलेली पात कापत बसू नका. मुळं शाबूत असली तर उन्हाळ्यात तिथूनच नवी फूट येते.

प्रश्न : कारखाने सुरू झाले की पेटवलेल्या उसाची काळी काजळी लॉनवर पडते. त्याने गवत जळेल का? (वाळवा तालुका)

नाही. पाण्याच्या पाळीला पातीवरून धुऊन काढा, बस. तारेवरचे कपडे मात्र आधी आत घ्या.