सर्व्हरवरचे फोटो दिसेनात? आधी एकूण जागा पाहा

या वेळच्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुखण्याची आहेत: घरच्या नेटवर्कवरच्या साठ्यातून फाइली नाहीशा झाल्या. पत्रे नीट वाचली तर पाचांपैकी चौघांच्या फाइली घरातच आहेत, असे दिसते.

प्रश्न: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला ४ टीबीची पोर्टेबल डिस्क लावून ‘फोटो’ नावाचे शेअर केले आहे. परवा दिवसभर लाइट ये-जा करत होती. रात्री शेअर उघडले तर आत काहीच नाही. सर्व्हर दिसतो, पासवर्ड चालतो, फोल्डर मात्र रिकामे. मुलाने त्यात नवे फोटो टाकून पाहिले, ते व्यवस्थित गेले. सगळे पुसले गेले का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: पुसले गेल्याची शक्यता फार कमी. पण दोन गोष्टी आत्ताच करा. एक, त्या शेअरवर काहीही नवे टाकू नका. दोन, रात्री आपोआप चालणारा बॅकअप असेल तर तो बंद करा. ‘आरसिंक’ या प्रत काढणाऱ्या साधनाला ‘डिलीट’ हा पर्याय लावलेला असेल, तर मूळ जागा रिकामी दिसताच तो बॅकअपमधली प्रतही इमानेइतबारे रिकामी करून ठेवतो. डिस्क शाबूत आणि बॅकअप साफ, असा उलटा प्रकार त्यातून होतो.

आता कारण. पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये डिस्कला सी, डी अशी अक्षरे नसतात. डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर बसवली जाते, त्याला माउंट करणे म्हणतात. पाटावर ताट ठेवावे तसे. ताट मांडायचे राहिले तरी पाट जागेवर असतोच, आणि वाढणारा पाटावरच वाढतो. तुमच्या मुलाचे फोटो डिस्कवर नाही, पायच्या मेमरी कार्डावर गेले आहेत.

पडताळा सोपा आहे. शेअर विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून जोडा आणि प्रॉपर्टीजमध्ये एकूण जागा पाहा. ४ टीबीची डिस्क तिथे ३.६ टीबीच्या आसपास दिसते. त्याऐवजी २९ जीबी दिसले, तर ते ३२ जीबीचे कार्ड आहे. मग पायवर लॉगिन करून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. डिस्क यादीत आहे पण तिच्यापुढे फोल्डरचा पत्ता नाही, तर ती माउंट झालेली नाही. यादीतच नसेल तर केबल आणि वीज यांच्याकडे वळा.

विजेचे गणित असे: पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एकटीच अँपिअरच्या आसपास ओढू शकते. शेजारी आणखी एखादी डिस्क किंवा वायफायचा डोंगल असेल तर ती मध्येच गळते. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत ‘अंडर-व्होल्टेज’ हा शब्द आढळला तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या, बाकी उपाय नंतर.

डिस्क यादीत असूनही माउंट होत नसेल, तर दोन संशयित. पहिला ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत. तिथे डिस्क ‘एसडीए१’ अशा नावाने नोंदवली असेल, तर ते नाव कायमचे नसते. चालू होताना एखादी पेन ड्राइव्ह आधी सापडली की तुमची डिस्क ‘एसडीबी’ होते. नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक लिहा, तो ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने कळतो. दुसरा संशयित म्हणजे डिस्क दुकानातून आली तशीच एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीत ठेवलेली असणे. वीज अचानक गेली की एनटीएफएसवर ‘अर्धवट बंद झाली’ अशी खूण राहते, आणि लिनक्सचा नवा एनटीएफएस ड्रायव्हर अशी डिस्क माउंट करायला नकार देतो. ती विंडोज संगणकाला लावून ‘चेकडिस्क’ ‘/एफ’सह चालवा. सर्व्हरवर कायम राहायची असेल तर सवडीने सगळे दुसरीकडे उतरवून डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीत फॉरमॅट करणेच बरे.

मुलाचे फोटो काढून घ्यायचे ते डिस्क माउंट करण्याआधी. सांबा, म्हणजे शेअर पुरवणारा प्रोग्रॅम, बंद करा, त्या रिकाम्या फोल्डरात जा, फोटो दुसरीकडे हलवा, मग माउंट करा. आधीच माउंट झाली असेल तरी घाबरू नका, फोटो ताटाखाली आहेत. डिस्क अनमाउंट केली की दिसतील.

पुन्हा असे होऊ नये म्हणून: डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचएटीटीआर +आय’ लावा. मग सर्वाधिकार असलेल्या रूट खात्यालासुद्धा त्यात लिहिता येत नाही. शिवाय सांबाच्या सिस्टमडी सर्व्हिसमध्ये (लिनक्समध्ये सांबा सुरू करणाऱ्या फाइलमध्ये) ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या ओळीत तो पत्ता द्या. डिस्क नसेल तर सांबा सुरूच होणार नाही. रिकामे फोल्डर दाखवणाऱ्या सर्व्हरपेक्षा न उघडणारा सर्व्हर बरा, निदान काहीतरी बिघडले आहे हे तरी कळते.

प्रश्न: ‘वऱ्हाड सहल’ या फोल्डरात सुमारे ६०० फोटो होते, आता निम्मेच दिसतात. काही फोटो जुन्या मॅकच्या डिस्कवरून आरसिंकने आणले होते, काही विंडोज लॅपटॉपवरून टाकले. (एक वाचक, पुणे)

उत्तर: सर्व्हरच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन पाहा. ‘वऱ्हाड सहल’ नावाची दोन फोल्डरे असतील, अगदी एकसारखी दिसणारी. दोष आपल्या ‘ऱ’चा आहे. हे अक्षर संगणकात तीन तऱ्हांनी लिहिले जाते: ‘ऱ’ हे एकसंध अक्षर, ‘र’ आणि त्याला वेगळा नुक्ता (खालचे टिंब), किंवा काही जुन्या कीबोर्डांवर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच, पण लिनक्स नाव वाचत नाही, बाइट मोजतो. ‘वऱ्हाड’ हा शब्द पहिल्या तऱ्हेने १८ बाइटचा होतो, उरलेल्या दोन्ही तऱ्हांनी २१ बाइटचा. लिनक्सच्या लेखी ती वेगवेगळी नावे.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का नावे तोडलेल्या रूपात (‘र’ वेगळा, नुक्ता वेगळा) साठवतात, विंडोजवर टाइप केलेले नाव सहसा जोडलेल्या रूपात येते. म्हणून तुमचे फोटो दोन घरांत विभागले गेले, आणि अल्बमच्या अ‍ॅपला त्यातले एकच घर दाखवलेले आहे. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘गाणाऱ्या’ अशी सगळी नावे तपासा.

दुरुस्तीसाठी ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन आहे. ‘--एनएफसी’ पर्याय दिला की ते तोडलेली नावे जोडते. आधी नुसते काय बदलेल ते दाखवते. ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय काही बदलत नाही. दोन्ही फोल्डरे एकाच ठिकाणी असतील तर ते एकावर एक लिहिणार नाही, म्हणून आधी एकाला तात्पुरते ‘वऱ्हाड २’ नाव द्या आणि फोटो हाताने एकत्र करा. अदृश्य जोडचिन्हाची नावे मात्र हातानेच बदलावी लागतात. ‘ॲ’चेही तसेच: एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला, ही दोन रूपे कॉन्व्हएमव्ही एक मानत नाही.

ओघाने आणखी एक. ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘श्री’ एकटाच १२ बाइट. म्हणजे नाव ८५ चिन्हांत बसवायचे. सिनॉलॉजी कंपनीच्या साठवण-सर्व्हरवरच्या एन्क्रिप्टेड शेअर फोल्डरात ही मर्यादा १४३ बाइटची, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे. विंडोजवर चाललेली लांब नावे कॉपी करताना मागे राहतात ती यामुळे, आणि कॉपीच्या खिडकीत ‘स्किप’ दाबले की कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न: सिनॉलॉजीच्या नॅसवरून (नेटवर्कवरच्या साठ्यावरून) ‘बँक’ हे अख्खे फोल्डर गायब. घरात चौघे वापरतात, कुणीच डिलीट केलेले नाही म्हणतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: चौघेही खरे बोलत असतील. माउस जरा घसरला की फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडते आणि विंडोज विचारतही नाही. म्हणून आधी फाइल स्टेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच, अ‍ॅडमिनने लॉगिन करून नावाने शोधा. लॅपटॉपवरून शोधलेत तर फक्त त्या माणसाला जे दिसते तेवढ्यातच शोध होतो.

तिथे नसेल तर शेअरच्या मुळाशी ‘#रीसायकल’ फोल्डर पाहा. ते प्रत्येक शेअरसाठी आधीपासून चालू केलेले असावे लागते, आणि फक्त अ‍ॅडमिनलाच दिसेल अशी सोय असल्याने इतरांना ते नाहीच असे वाटते. ठरावीक दिवसांनी ते रिकामे करण्याचे काम टास्क शेड्युलरमध्ये लावलेले असेल तर ते आधी थांबवा. टर्मिनलवरून पुसलेले मात्र इथे येत नाही. व्हॉल्यूम बीटीआरएफएस या मांडणीचा असेल आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाचे ठसे, घेतले जात असतील, तर कालच्या स्नॅपशॉटमधून फोल्डर जसेच्या तसे परत मिळते.

दोन्हीकडे नसेल तर दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या सिंककडे बघा. फोनवर किंवा लॅपटॉपवर जागा करण्यासाठी कुणी ‘बँक’ची स्थानिक प्रत काढली असेल, तर सिंकने ते डिलीट सर्व्हरवरही पोचवले असणार. आणि रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकसारखी प्रत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिलीट दोन्हींवर एकदमच होते.

चौघांत कोण, हे पुढच्या वेळी कळावे म्हणून कंट्रोल पॅनल, फाइल सर्व्हिसेस, एसएमबी इथे ‘ट्रान्सफर लॉग’ चालू करा. डिलीट, नावबदल आणि हलवणे, सगळे नावानिशी नोंदले जाते. (घरातली शांतता हवी असेल तर चालू करण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा.)

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर सगळी फोल्डरे दिसतात, बायकोच्या लॅपटॉपवर दोनच. (एक वाचक, लातूर)

उत्तर: तो लॅपटॉप दुसऱ्याच नावाने जोडला गेला आहे, बहुधा मुलाच्या. परवानगी नसलेली फोल्डरे लपवण्याची सेटिंग चालू असेल तर ती नुसती बंद नसतात, दिसतच नाहीत. विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावाने जोडतो आणि ते नाव लक्षात ठेवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज * /डिलीट’ द्या, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली सर्व्हरची नोंद काढा, लॅपटॉप पुन्हा चालू करून त्यांच्या नावाने लॉगिन करा.

प्रश्न: काही फोल्डरे उघडताना सर्व्हर अडकतो, काही फाइली दिसेनाशा झाल्या आहेत. ‘एफएससीके’ हे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नाही, अजून नाही. फाइली खरोखर जाण्याची भीती आहे ती तुमचीच. आधी डिस्कचे ‘स्मार्ट’, म्हणजे तिच्या प्रकृतीचे, अहवाल पाहा: ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे आकडे. शून्य असतील तर काळजी कमी. १९७ शून्याच्या वर असून दिवसागणिक वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभाग जात आहे, आणि एफएससीके अशा डिस्कवर लिहीत सुटतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, पुन्हा चालू करून बघू नका.

आवाज नसेल तर तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची नवी डिस्क आणा आणि जुनी अनमाउंट करून ‘डीडीरेस्क्यू’ने तिची नक्कल करा. पहिल्या फेरीत ‘-एन’ द्या, म्हणजे सहज वाचता येणारे आधी उचलले जाते. हट्टी भागांसाठी दुसऱ्या फेरीत ‘-डी’ आणि ‘-आर३’. मॅप फाइल (कुठवर वाचून झाले याची नोंद) द्यायला विसरू नका आणि ती तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. मध्ये लाइट गेली तर ती असल्यामुळेच काम पुढे चालू करता येते.

एफएससीके चालवायचा तो या नकलेवर, तीही अनमाउंट असताना. त्यानंतर ‘लॉस्ट+फाउंड’ हे फोल्डर उघडा. ते फक्त रूटला उघडते. आत # आणि आकडा अशा नावांच्या फाइली असतील. त्यांचे मूळ नाव गेलेले असते, पण ‘फाइल’ ही आज्ञा दिली की कोणता फोटो, कोणता पीडीएफ ते कळते, आणि फोटोंच्या आत नोंदलेल्या तारखेवरून ते महिन्यावार लावता येतात.